प्लॅटिनमचा कस

दक्षिण अमेरिकेतील आजच्या कोलंबिया देशात नद्यांच्या रेतीत सोन्याबरोबर एक पांढरा, जड धातू सापडत असे. सोने वेचणाऱ्या स्पॅनिश लोकांना त्याची अडचणच वाटे. भट्टीत तो वितळेना. आणि सोन्यात मिसळला तर वजनावरून ओळखता येईना. ‘प्लाता’ म्हणजे चांदी; तिच्यावरून त्यांनी त्यास ‘प्लातिना’, म्हणजे क्षुल्लक चांदी, असे हिणवून म्हटले. भेसळीच्या भयाने तो नदीत फेकून देण्याचे हुकूमही सुटले. तेच आजचे प्लॅटिनम होय.

ज्या गुणांमुळे ते टाकाऊ ठरले, त्याच गुणांमुळे ते पुढे मोलाचे झाले. एक घन सेंटिमीटर चांदीचे वजन सुमारे १०.५ ग्रॅम, सोन्याचे १९.३, तर प्लॅटिनमचे २१.४ भरते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. हवेने ते काळवंडत नाही. हिऱ्याला घट्ट धरून ठेवण्यात तर त्याचा हात धरणारा धातू विरळा. कोहिनूर ज्यात बसविला आहे, तो १९३७ सालचा ब्रिटिश राणीचा मुकुट प्लॅटिनमचाच आहे.

मात्र अगदी शुद्ध प्लॅटिनम मऊ असते. म्हणून दागिन्यात बहुधा हजार भागांपैकी ९५० भाग प्लॅटिनम व ५० भाग हीण असते. ओतकामाला कोबाल्ट सोयीचे पडते. रुथेनियमने कठीणपणा येतो. इरिडियम आणि तांबेही वापरतात. बावीस कॅरट सोन्यात शुद्ध सोने सुमारे ९१६ भाग असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ९५० या आकड्याचे महत्त्व कळते.

गिऱ्हाइकाची गफलत होते ती पांढऱ्या सोन्यापाशी. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून वर ऱ्होडियमचा मुलामा दिला, की नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाही. तेव्हा दागिन्याच्या आतील बाजूस ‘पीटी ९५०’ हा छाप पाहावा आणि पावतीवर धातूचे नाव व कस दोन्ही लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत दागिना ही अडीअडचणीची पुंजीही असते. सोने कोणत्याही पेठेत मोडता येते. प्लॅटिनम मात्र सोनाराच्या साध्या शेगडीवर वितळत नाही, त्यामुळे ते मोडीत घेणारी दुकाने थोडी. म्हणून मोड परत घेणार काय आणि घट किती धरणार, हे खरेदीच्या दिवशीच विचारून घ्यावे. गरजेच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.