मातीच्या मावळ्याचा टपालप्रवास



दिवाळी जवळ आली कीं, आमच्या ऐरोलीच्या वसाहतींतून इमारतींच्या पायथ्याशीं लहान लहान सह्याद्रि उभे राहूं लागतात. विटा, गोणपाट आणि कालवलेली तांबडी माती यांतून बुरूज वर येतात, अळीव-मोहरीचें रान उगवतें, आणि मग मुलें बाजारांतून चित्रें आणतात: सिंहासनावर बसलेले महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफेजवळचा गोलंदाज, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आणि गुहेच्या तोंडाशीं बसलेला वाघ. दोन-तीन इंच उंचीच्या या मंडळींवांचून किल्ला म्हणजे नुसता मातीचा ढीग होय.

आज मला बोलावयाचें आहे तें किल्ला बांधण्याविषयीं नव्हे. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त दूर गेली आहे, अशा घरांतून एक प्रश्न मला वरचेवर विचारण्यांत येतो. "मास्तर, नातवंडांना हीं चित्रें टपालानें पाठवावयाचीं आहेत, तीं धड पोंचतील काय?" प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. मातीचें चित्र फुटतें असा एकदां समज झाला, कीं आजोबा पुढल्या वर्षीं सांच्यांतून काढलेले प्लॅस्टिकचे शिपाई धाडतात. ते फुटत नाहींत हें खरें; पण ते कोणत्या देशाचे, कोणत्या काळाचे, हें त्यांच्याकडे पाहून सांगतां येत नाहीं. इकडे हातानें मावळा घडविणाऱ्या, त्याच्या मिशा कुंचल्याच्या एका फटकाऱ्यानें रेखणाऱ्या कुंभाराचें एक गिऱ्हाईक कायमचें तुटतें. म्हणजे आपल्या बांधणींत जो हलगर्जीपणा होतो, त्याचा दंड शेवटीं त्या कारागिरास भरावा लागतो. म्हणून ही बांधणी नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

मागें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विदर्भांतून मला बारा मावळ्यांचा संच धाडला. त्यानें प्रत्येक मावळा वर्तमानपत्राच्या तीन-तीन पदरांत गुंडाळला होता आणि ते सर्व एका भल्या मोठ्या खोक्यांत घातले होते. खोकें उघडलें तों बारांपैकीं पांचच वीर पायांवर उभे राहण्याजोगे निघाले. बिचाऱ्यानें कागद वांचविला होता असें नव्हे; प्रेमही कमी नव्हतें. त्या खोक्याचा अर्धा भाग रिकामा होता, एवढेंच. मावळे सारी वाट एकमेकांवर आपटत आले. शत्रूनें न मारतां स्वकीयांनींच त्यांचा निकाल लावला.

प्रवासांत नाजूक वस्तूचे वैरी तीन: पडणें, दाबणें आणि हलणें. तिघांचा उपाय एकच नसल्यामुळें त्यांचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

प्रथम पडणें घेऊं. शाळेंतील पदार्थविज्ञान ज्यांना आठवत असेल, त्यांना हा हिशेब अवघड वाटणार नाहीं. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तु जमिनीशीं येतां येतां सेकंदास सुमारें 4.4 मीटर वेगानें धांवत असते. हा वेग कोठें तरी जिरलाच पाहिजे. किती अंतरांत जिरतो यावर सर्व कांहीं ठरतें. तो एका मिलिमीटरमध्यें जिरला, तर वस्तूवर येणारा ताण तिच्या वजनाच्या सुमारें हजारपट होतो. तोच पांच सेंटिमीटरमध्यें हळूहळू जिरला, तर ताण वीसपटीवर उतरतो. मातीच्या तलवारीला हजारपट ताण सोसणें अशक्य. वीसपट बहुधा सोसतो. मऊ भरावाचें सारें रहस्य या एका भागाकारांत आहे. भराव धक्का नाहींसा करीत नाहीं; तो धक्क्याला पसरावयास जागा आणि अवधि देतो. त्यासाठीं चित्र आणि बाहेरचा पुठ्ठा यांमध्यें सहाही बाजूंनीं चार-पांच सेंटिमीटरचा दबणारा थर हवा. चारी बाजूंस भराव आणि तळाशीं कांहींच नाहीं, अशीं खोकीं मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. आणि खोकें पडावयाचें तें नेमकें तळावर किंवा कोपऱ्यावर.

दुसरा वैरी दाब. गाडींत आपल्या खोक्यावर दुसऱ्याचें जड खोकें येणारच. येथें नालीदार पुठ्ठा कामास येतो. दोन सपाट कागदांमध्यें लाटेसारखा दुमडलेला तिसरा कागद, अशी त्याची रचना असते. या कागदाचें पहिलें पेटंट 1856 सालीं इंग्लंडांत घेतलें गेलें, तें पुरुषांच्या उंच टोप्यांच्या अस्तरासाठीं! पुढें 1871 सालीं न्यूयॉर्क येथील आल्बर्ट जोन्स यानें बाटल्या व दिव्याच्या कांचा गुंडाळण्यासाठीं त्याचें पेटंट घेतलें. खोक्याच्या भिंतींत या लाटा उभ्या असल्या, तर त्या खांबांप्रमाणें भार उचलतात. आडव्या असल्या तर भिंत लवकर बसते. म्हणून खोकें आडवें-उभें कसेंही न वापरतां त्याच्या मूळच्या बैठकीवरच ठेवावें. आणि वाण्याकडचें ओलसर, एकदां चेपलेलें खोकें घेऊं नये. त्यांतील खांब अगोदरच मोडलेले असतात.

तिसरा वैरी हलणें. हा कपटी आहे. एका धक्क्यानें जें होत नाहीं, तें हजार बारीक हादऱ्यांनीं होतें. रंग घांसला जातो, भाल्याचें टोंक झिजून पडतें. याला उपाय एकच, आंत रिकामी जागा न ठेवणें. खोकें बंद करून कानाशीं धरून हलवावें. आंतून आवाज आला, तर पुन्हां उघडावें. मात्र रिकामी जागा नको म्हणून ठांसून भरणेंही घातकच. ठांसलेला भराव दबत नाहीं, आणि मग पहिल्या वैऱ्याला मोकळें रान मिळतें.

आतां प्रत्यक्ष बांधणी. रंग ताजा असेल तर निदान आठवडाभर थांबावें. वरून कोरडा वाटणारा तैलरंग आंतून ओला असतो. त्यावर हवेच्या फुगोट्यांचें प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलें, तर मावळ्याच्या अंगरख्यावर वर्तुळें उमटतात. हें फुगोट्यांचें प्लॅस्टिक 1957 सालीं अमेरिकेंत फील्डिंग आणि शावान या दोघांनीं बनविलें. त्यांना भिंतीवर चिकटविण्याचा उठावदार कागद करावयाचा होता. तो हेतु फसला, पण जगांतील कांचसामानाचें कल्याण झालें. हें प्लॅस्टिक वापरावें, परंतु चित्राला प्रथम साध्या, पांढऱ्या, मऊ कागदाचा पदर द्यावा. वर्तमानपत्राची शाई रंगाला लागते आणि कापसाचे तंतु खरबरीत मातीला चिकटतात; म्हणून हे दोन्ही पदार्थ अंगालगत नकोत, बाहेरच्या थरांत चालतील.

गुंडाळण्यापूर्वीं चित्राकडे नीट पाहावें. त्याला कोठें धरतां येईल आणि कोठें नाहीं, हें ठरवावें. बैठक आणि धड हीं बळकट; मान, मनगट, तलवार आणि तुरा हीं दुबळीं. कागद ताणून बांधला तर सारा ताण पुढें आलेल्या तलवारीवर येतो. यासाठीं मऊ कागदाच्या लहान वळकट्या करून मानेभोंवतीं, काखेंत, पायांमधील पोंकळींत आधीं बसवाव्या. अशा रीतीनें चित्राचा खडबडीत आकार गोलसर झाला, कीं मग वरून वेष्टन गुंडाळावें. भाला तारेचा आणि निघण्याजोगा असेल तर काढून शीतपेयाच्या नळींत घालावा व दोन्ही तोंडें चिकटपट्टीनें बंद करावीं. प्रत्येक पुडीला रंगीत दोरा बांधावा. नाहींतर उघडणारा माणूस भरावाच्या कागदाबरोबर एखादा मावळाही केरांत टांकतो, आणि ती हानि टपालखात्याच्या माथीं मारली जाते.

खोक्यांत पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या अडकवून खण पाडावे. एका खणांत एकच चित्र. मातीला माती कधींही भिडूं देऊं नये. तोफ जड, म्हणून ती तळाशीं, किंवा त्याहून उत्तम म्हणजे वेगळ्या खोक्यांत. हें आंतलें खोकें दुसऱ्या मोठ्या खोक्यांत ठेवून दोहोंमध्यें भराव भरावा. या दुहेरी बांधणीविषयीं ज्यांना शंका असेल, त्यांनीं एक प्रयोग करावा. एका खणांत मावळ्याऐवजीं पिशवींत घातलेलें कच्चें अंडें तशाच रीतीनें बांधून ठेवावें आणि खोकें कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडावें. अंडें वांचलें, तर मावळा निर्धास्तपणें पाठवावा. फुटलें, तर हानि फार झाली नाहीं आणि शिकवण पुष्कळ मिळाली.

आम्ही ऐरोलीकर ठाण्याच्या खाडीच्या कांठीं राहतों. येथील हवेंतला दमटपणा हाही एक गुप्त वैरी समजावा. भाजलेली माती ओल सोसते. कच्च्या शाडूला ती विरघळवून टाकते. म्हणून चित्रें कोरड्या दिवशीं, चांगलीं वाळवून, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसह प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करावीं. भर पावसाळ्यांत ओलसर वस्तु पिशवींत कोंडली, तर पिशवी बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं, तसेंच आंतलें बाहेरही जाऊं देत नाहीं.

या बाबतींत आपल्याला परक्या देशाचा आदर्श शोधावयास नको. आपल्या रायगड जिल्ह्यांतील पेण आणि त्याजवळचीं हमरापूर, जोहे हीं गांवें गणेशमूर्तींसाठीं प्रसिद्ध आहेत. तेथील मूर्ति समुद्रापार जातात. भाद्रपदांत हातीं पडावयाच्या, म्हणून कित्येक महिने अगोदर त्यांना निघावें लागतें. सोंड, बोटें आणि प्रभावळ सांभाळून सातासमुद्रांपलीकडे मूर्ति पोंचविणारे हात आपल्या शेजारींच आहेत. इतकी मोठी मूर्ति जेथें जाते, तेथें तीन इंचांचा मावळा कां जाऊं नये?

परदेशीं पाठवितांना मात्र त्या देशाचे नियम पाहावे. भाताचा पेंढा किंवा वाळलें गवत हा आपला जुना, स्वस्त भराव. पण ऑस्ट्रेलियासारखे देश कीड येईल म्हणून तो आंत येऊं देत नाहींत. सहा मिलिमीटरहून जाड कच्च्या लांकडाची पेटी अनेक देशांत उष्णतेची प्रक्रिया करून तशी खूण उमटविल्याशिवाय चालत नाहीं. किल्ल्यावर पेरावयाचे अळीव हौसेनें सोबत घालूं नयेत. चिमूटभर बियांपायीं सारें पार्सल अडकतें. सीमाशुल्काच्या पत्रकांत "भेटवस्तु" एवढेंच न लिहितां "भाजलेल्या मातीचीं रंगविलेलीं खेळणीं, नग बारा" असें स्पष्ट लिहावें आणि किंमत खरी लिहावी.

पत्त्याविषयीं दोन शब्द. आपला सहा आंकड्यांचा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजीं सुरू झाला. तो योजिला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं. हे गृहस्थ टपालखात्यांतील वरिष्ठ अधिकारी, आणि तितकेच संस्कृताचे कवि व पंडित! ऐरोलीचा आंकडा 400708. यांतील पहिले तीन आंकडे वर्गवारीचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन टपालघर. एक आंकडा चुकला तर मावळा भलत्याच गडावर जातो. पत्ता खोक्याच्या आंतही एका चिठ्ठीवर लिहून ठेवावा; बाहेरचा कागद फाटला तर ती उपयोगीं पडते. पूर्वीं पार्सल मांजरपाटांत शिवून त्यावर लाखेची मोहोर करीत. आतां रुंद चिकटपट्टीनें मधली फट आणि दोन्ही कडा वर-खालीं बंद केल्या म्हणजे पुरे. जुन्या संवयीनें "रजिस्टर करा" म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, 2025 सालीं देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें आहे. वस्तु मोलाची असेल तर विमा उतरावा, आणि बांधण्यापूर्वीं प्रत्येक चित्राचें छायाचित्र घेऊन ठेवावें. "नाजूक" ही अक्षरें खोक्यावर अवश्य लिहावीं. पण घसरपट्टीवरून खोकीं ढकलणाऱ्या यंत्राला वाचतां येत नाहीं, हें विसरूं नये.

शेवटीं, खोक्यांत सर्वांत वर एक कागद ठेवावा. त्यावर आंत किती नग आहेत, कोणती पुडी प्रथम सोडावी, तारेचा भाला कोणत्या हातांत बसवावा, हें बाळबोध अक्षरांत लिहावें. शक्य असेल तर तें मराठींत लिहावें. परमुलखांतील मुलाला आपली आई जवळ बसवून तें वाचून दाखवावें लागेल. त्या निमित्तानें मायलेकरें घटकाभर एका कागदावर ओणवीं होतील, आणि "बुरूज", "गोलंदाज", "शिबंदी" असे चार शब्द त्या घरांत उच्चारले जातील. हे शब्दही मातीच्या चित्रांसारखेच आहेत. ते आपोआप टिकत नाहींत, कोणी तरी जपून एका हातांतून दुसऱ्या हातांत द्यावे लागतात.

चांगली बांधणी म्हणजे न दिसणाऱ्या माणसाची आधींपासून घेतलेली काळजी. खोकें आपल्या हातून सुटलें कीं त्यावर आपली सत्ता उरत नाहीं. जें करावयाचें तें तत्पूर्वींच करून ठेवावें लागतें. मुलें शाळेंतून बाहेर पडतांना आम्हां शिक्षकांची गत याहून निराळी नसते. तेव्हां यंदा कोणास मावळे धाडावयाचे असतील, त्यांनीं दिवाळीच्या आठवड्याची वाट न पाहतां गणपति उठतांच कामास लागावें. कुंभारालाही तेव्हांच चार पैसे हवे असतात.