एक नाव, दोन चाफे

आज बोलूया चाफ्याबद्दल. कुणी चाफा म्हटलं की मी आधी विचारते, कोणता? कारण आपण कितीतरी झाडांना चाफा म्हणतो. त्यातले दोन घेऊ: सोनचाफा आणि खुरचाफा, म्हणजे देवळाच्या आवारातला देवचाफा.

सोनचाफ्याचं फूल हातात घ्या, पाकळ्या मोजा. डझनभर तरी भरतील, आणि त्यात निदलं कुठली नि पाकळ्या कुठल्या, हे सांगता येणार नाही. मधल्या दांड्याभोवती पुंकेसर आणि स्त्रीकेसर मळसूत्रासारखे रचलेले असतात. ही फार जुनी ठेवण आहे. खुरचाफ्याला मात्र पाच पाकळ्या, खाली जुळून नळी झालेली, वर भिंगरीसारखी घडी. पान खुडलं की पांढरा चीक येतो. तो कातडीला लागू देऊ नका. हा कण्हेरीच्या कुळातला.

सोनचाफा आपल्या आशियातला, खुरचाफा अमेरिका खंडातून आलेला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याला बारा कोटींहून जास्त वर्षं झाली. सारखा आहे तो फक्त सुगंध. त्यातही खुरचाफा लबाड बरं का! रात्री दरवळून पतंगांना बोलावतो, आणि फुलात मध काहीच नाही.

नावांची गंमत ऐका. सोनचाफा आज 'मॅग्नोलिया' वंशात मोडतो. ते नाव १७०३ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच अभ्यासकाने पिएर मान्योल यांच्या सन्मानार्थ दिलं. वनस्पतींची 'कुळं' ही कल्पना मांडणारे हेच मान्योल. आणि खुरचाफ्याचं 'प्लुमेरिया' हे नाव? ते खुद्द या प्ल्युमिएवरून!

हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. आमच्या सोसायटीत प्रस्ताव आलाय की, सोनचाफा फार उंच झाला, कचरा पडतो, तर तो काढून तिथे बुटका खुरचाफा लावू. 'चाफ्याच्या जागी चाफाच तर येतोय!' पण सोनचाफ्याच्या लालभडक बिया पक्षी खातात, त्याच्या पानांवर टेल्ड जे फुलपाखराच्या अळ्या वाढतात. खुरचाफ्यावर यातलं काहीच होणार नाही. त्याच्याशी माझं वैर नाही. कोपऱ्यात जागा आहे, तिथे जरूर लावा. फांदी तोडून चार दिवस सुकवून खोचली तरी जगते. पण मोठा सोनचाफा एकदा तोडला, की तेवढी सावली पुन्हा मिळायला वर्षं जातात.

बैठकीत मी एवढंच मांडणार आहे. तुमच्या आवारात कोणता चाफा आहे? पाकळ्या मोजा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!