सुवर्णक्षेत्रांतील पूर्वजांचा माग



इ. स. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले आणि बॅलरट, बेंडिगो या नावांनी ब्रिटनमधील गावोगावच्या लोकांना वेड लावले. दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींतील वाकबगार कामगारही त्या ओघात होते.

त्यांचे वंशज आज मूळ गाव शोधू लागतात, तेव्हा नुसते आडनाव अपुरे पडते. जहाजांच्या प्रवासी-याद्यांत एकाच नावाची अनेक माणसे आढळतात. अशा वेळी साहाय्यास येतो तो मृत्यूचा दाखला. व्हिक्टोरियात नागरी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली. तेथील दाखल्यात मृताचे आईवडील, जन्मस्थान, वसाहतीतील वास्तव्याची वर्षे, विवाह व अपत्ये यांचे रकाने असत. इंग्लंडमधील प्रौढांच्या दाखल्यात आईवडिलांना स्थानच नव्हते. वसाहतीतील या एका कागदावरून इंग्लंडमधील १८३७ नंतरच्या जन्मनोंदी आणि त्याही आधीची चर्चची बाप्तिस्म्याची दप्तरे गाठता येतात.

मात्र हे रकाने भरले जात ते माहिती देणाऱ्याला जेवढे ठाऊक असेल तेवढेच. तंबूत एकाकी मरण पावलेल्या खाणकामगाराच्या आईचे नाव शेजाऱ्याने कोठून सांगावे? रकाना कोरा राही आणि वंशावळीचा धागा तेथेच तुटे.

यास्तव प्रत्येक सभासदाने घरातील वृद्धांना त्यांच्या आईवडिलांची नावे व जन्मगावे विचारून, ती तारखेसह लिहून ठेवावीत.