टॉक टॉकचा शेवटचा अल्बम : गप्प होत गेलेला बँड

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की न्यू वेव्हवर एवढं बोललात, पण त्या बँडांचं पुढे झालं काय? बहुतेकांचं जे होतं तेच झालं. काही फुटले, काही जुनी गाणी वाजवत राहिले, काहींनी केस कापले आणि बॅलड गायला लागले. पण एका बँडचं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं झालं नाही. म्हणून आजचा अख्खा भाग टॉक टॉक या इंग्लिश बँडवर, आणि त्यातही त्यांच्या शेवटच्या अल्बमवर. 'लाफिंग स्टॉक', सप्टेंबर 1991.

आधी थोडं मागे जाऊ, कारण शेवट कळायला सुरुवात ऐकलेली असावी लागते.

1981, लंडन. गायक मार्क हॉलिस, ड्रमवर ली हॅरिस, बेसवर पॉल वेब, कीबोर्डवर सायमन ब्रेनर. ईएमआय कंपनीनं त्यांना घेतलं आणि सरळ ड्युरान ड्युरानच्या शेजारच्या खणात ठेवलं. तीच कंपनी, तोच निर्माता कॉलिन थर्स्टन, दौऱ्यावरही ड्युरान ड्युरानच्या आधी हेच वाजवायला. आणि नावही तसंच, एकच शब्द दोनदा! खरं तर हे नाव हॉलिसच्या जुन्या पंक बँडच्या एका गाण्यातून आलं होतं, पण 'कॉपी' हा शिक्का बसायचा तो बसलाच.

1982 चा पहिला अल्बम 'द पार्टीज ओव्हर' आज ऐकलात तर वाईट नाही वाटणार. सिंथेसायझर, खणखणीत ड्रम, आणि वर हॉलिसचा तो रडवेला, ओढून आणल्यासारखा आवाज. पण त्या काळात असे वीसेक बँड सहज सापडले असते.

मग 1984, 'इट्स माय लाइफ'. इथे टिम फ्रीज-ग्रीन हा माणूस आला. निर्माता म्हणून आला आणि हॉलिसच्या जोडीनं गाणी लिहायला लागला. फोटोत तो कधी नसायचा, पण पुढचं सगळं या दोघांचंच आहे. शीर्षकगीत तुम्ही ऐकलं असेल, निदान 2003 मध्ये नो डाउटनं केलेलं तरी. त्याच्या व्हिडिओची गोष्ट सांगतो. टिम पोपनं तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात शूट केला. प्राण्यांची दृश्यं चालू आहेत आणि मधे हॉलिस तोंड घट्ट मिटून उभा. ओठ हलवायचं नाटक करणार नाही म्हणून. कंपनीनं सांगितलं, परत करा. मग त्यांनी परत केला, आणि या वेळी हॉलिसनं इतके हातवारे केले, इतकं तोंड वेंगाडलं की बघणाऱ्याला कळावं, हा चेष्टा करतोय. पुढच्या सात वर्षांत जे झालं त्याची चुणूक मला या व्हिडिओत दिसते. दिलेलं काम हा माणूस करेल, पण मन नसताना मन आहे असं दाखवणार नाही.

1986 चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' हा त्यांचा इंग्लंडमधला सगळ्यात यशस्वी स्टुडिओ अल्बम, आठव्या क्रमांकापर्यंत गेला. आणि गंमत बघा, याच अल्बममध्ये सिंथेसायझर जवळजवळ गायब झाले. हॉलिसचं म्हणणं असं होतं की सिंथ आम्ही आवडीनं वापरत नव्हतो, खरी वाद्यं परवडत नव्हती म्हणून वापरत होतो. आता पैसे आले, तर पियानो आला, अकूस्टिक गिटार आली, स्टीव्ह विनवूडचा ऑर्गन आला. त्या वर्षी त्यांनी शेवटचा दौरा केला. त्यानंतर टॉक टॉक हा बँड स्टेजवर कधीच दिसला नाही.

इथे मला एक मुद्दा ठासून सांगायचाय, कारण या बँडबद्दल एक दंतकथा फिरते. एकीकडे निर्मळ कलावंत, दुसरीकडे दुष्ट कंपनी. ऐकायला छान आहे. पण 'द कलर ऑफ स्प्रिंग' विकला गेला म्हणून पुढच्या अल्बमला ईएमआयनं वेळ दिला, पैसा दिला, आणि महिनोन्‌महिने स्टुडिओत कुणी डोकावलं नाही. पुढच्या दोन अल्बममधली ती प्रसिद्ध शांतता हिट गाण्यांच्या पैशातून विकत घेतलेली आहे. हे म्हटल्यानं ती खोटी ठरत नाही. पण आकाशातून पडली नाही एवढं तर मान्य करूया.

तर 1988, 'स्पिरिट ऑफ ईडन'. सहा गाणी, दौरा नाही, आणि सिंगल म्हणून काढता येईल असं एकही गाणं नाही. (कंपनीनं एक कापूनकुपून काढलंच.) मग ईएमआय आणि बँड कोर्टात गेले. वाद होता कराराचा : करार पुढे वाढवण्याचा हक्क कंपनीनं मुदतीत वापरला की नाही. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, अपिलात बँड जिंकला. टॉक टॉक मोकळे झाले आणि पॉलिडॉरकडे गेले. पुढचा अल्बम त्यांच्या व्हर्व्ह या लेबलवर निघाला. व्हर्व्ह म्हणजे मुळात जॅझचं लेबल! ड्युरान ड्युरानच्या शेजारून निघालेली गाडी कुठे पोचली बघा.

मधल्या काळात अजून एक विनोद झाला. 1990 मध्ये ईएमआयनं जुन्या गाण्यांचा संग्रह काढला, तो धडाधड खपला. 'इट्स माय लाइफ' पुन्हा सिंगल म्हणून आलं आणि या वेळी इंग्लंडमध्ये 13 व्या क्रमांकावर गेलं. 1984 मध्ये ते 46 च्या वर गेलं नव्हतं. म्हणजे लोक सहा वर्षांपूर्वीच्या टॉक टॉकच्या प्रेमात पडत होते, तेव्हा खरे टॉक टॉक एका अंधाऱ्या खोलीत बसून त्या आवाजाचा शेवटचा अवशेष पुसत होते. पुढे ईएमआयनं परवानगी न घेता रिमिक्सचा अल्बमही काढला, त्यावर हॉलिसनं दावा लावला आणि तो बाजारातून मागे घ्यायला लावला.

आता ती अंधारी खोली.

उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ. क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' झाला तोच. सप्टेंबर 1990 ते एप्रिल 1991 इथे 'लाफिंग स्टॉक'चं काम चाललं. पॉल वेब तोवर बाहेर पडला होता, म्हणजे मूळ बँडातले दोनच उरले, हॉलिस आणि हॅरिस. ध्वनिमुद्रण करणारा फिल ब्राउन. त्याच्या आठवणींचं 'आर वी स्टिल रोलिंग?' नावाचं पुस्तक आहे, या सगळ्याबद्दल त्यानं पुष्कळ सांगितलंय. खिडक्या झाकलेल्या. घड्याळं काढून टाकलेली. उजेड म्हणून तेलाच्या रंगांचा प्रोजेक्टर आणि स्ट्रोब लाइट, बास. बाहेर दुपार आहे की पहाट, कळायला मार्ग नाही.

या खोलीत सुमारे पन्नास वादक येऊन वाजवून गेले. अल्बमवर उरले अठरा. ब्राउनच्या अंदाजानं जे रेकॉर्ड झालं त्यातलं ऐंशी टक्के टाकून दिलं.

हा आकडा ऐकून जरा थांबा. कारण या अल्बमचं सगळं मर्म इथे आहे असं मला वाटतं. ऐकताना काय वाटतं? की पाच-सात माणसं एका खोलीत बसलीत, एकमेकांकडे कान देऊन हळूहळू वाजवतायत, सगळं तिथल्या तिथे सुचतंय. प्रत्यक्षात तसं झालेलंच नाही! वादक यायचा, पुढे काय वाजवायचं हे त्याला फारसं सांगितलेलं नसायचं, तो मोकळेपणानं वाजवायचा, निघून जायचा. मग हॉलिस आणि फ्रीज-ग्रीन त्यातला एखादा तुकडा ठेवायचे. एखाद्या हार्मोनिकावाल्याच्या तासाभराच्या वाजवण्यातला एक श्वास. तो उचलून दुसरीकडे नेऊन बसवायचा. उत्स्फूर्तपणा खरा, पण तो एकेका सुट्या माणसाचा. त्यांची 'मैफल' ही नंतर कापून-जोडून तयार केलेली आहे.

आपल्याकडे हा अल्बम कुणाला ऐकवला की पाच मिनिटांत प्रतिक्रिया येते, 'अरे, हा तर आलाप!' मला ही तुलना अर्धीच पटते. एकेका स्वराला वेळ देणं, घाई न करणं, इथवर ठीक. पण आलाप तुमच्यासमोर घडतो, चुकला तर तुमच्यासमोर चुकतो, आणि त्याला रागाची वाट असते. इथे सगळं उलट आहे. वाट नाही, आणि चुकांमधूनच निवड केलेली आहे. हॉलिस मुलाखतींमधून साधारण असं म्हणायचा की दोन सूर वाजवण्याआधी एक सूर वाजवायला शिका, आणि तोही कारण असल्याशिवाय वाजवू नका. षड्ज लावून बसलेल्या कुठल्याही गुरूला हे वाक्य पटेल. पण तो गुरू कात्री घेऊन बसत नाही.

बरं, आता अल्बम. सहा गाणी, 43 मिनिटं आणि वर काही सेकंद.

पहिलं 'मरमन'. सुरुवातीला ऐकू येते ती फक्त अ‍ॅम्पची सरसर. पंधरा-एक सेकंद. कुठलाही निर्माता पहिल्यांदा हेच कापेल, यांनी ते दाराशी ठेवलं. मग गिटार, अर्धवट. मग हॉलिसचा आवाज, शब्द निम्मे गिळलेले. ड्रम नाहीतच. शेवटाकडे तंतुवाद्यं येतात आणि गाणं संपायच्या ऐवजी विरून जातं. तंतुवाद्यांचं एक सांगतो : या अल्बमवर व्हायोला वाजवणारे सात जण आहेत, व्हायोलिनची ती चकचकीत लकाकी नाही. सगळं मधल्या, मातकट पट्टीत.

दुसरं 'असेन्शन डे'. इथे हॅरिसचे ड्रम येतात, आणि गिटार अक्षरशः ओरबाडते. जर्मन बँड कॅनचा 1971 चा 'टागो मागो' हॉलिसचा आवडता होता, त्याचा ठसा इथे कळतो. गाणं चढत जातं, कल्लोळ होतो, आणि कुणीतरी वायर उपटल्यासारखं एकदम बंद. पहिल्यांदा ऐकणारा हमखास फोन तपासतो. नेट गेलं का म्हणून.

'आफ्टर द फ्लड' माझं सगळ्यात लाडकं. नऊ मिनिटांहून जास्त. खाली ड्रम आणि ऑर्गन लाटेसारखे एकाच चालीत, आणि मधे एक सोलो. सोलो म्हणजे काय, तर एकच सूर. मिनिटभराहून अधिक, फाटलेला, घुसमटलेला एकच सूर. ते गिटार नाही, व्हॅरिओफॉन नावाचं फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. म्हणजे सिंथेसायझरचाच भाऊबंद! ज्या आवाजाला दारातून हाकललं तो खिडकीतून आत आला, पण अशा अवस्थेत की ओळखूच येऊ नये.

'टॅपहेड' मला आजही लांबल्यासारखं वाटतं, त्यावर जास्त बोलत नाही. पण त्यानंतर येतं 'न्यू ग्रास', आणि त्यासाठी टॅपहेडमधला अंधार लागतो हेही खरं. हॅरिस जवळपास दहा मिनिटं एकच चाल वाजवतो, हलकी, झांजांवर. वर गिटारचे दोन-चार थेंब, पियानो, ऑर्गन. सूर्य उगवल्यासारखं असं लिहायची पद्धत आहे, मी म्हणेन ताप उतरल्यासारखं. आणि मग 'रुनी', पाचेक मिनिटांचं, गिटार आणि आवाज आणि भरपूर मोकळी जागा. संपलं.

इंग्लंडच्या यादीत अल्बम 26 व्या क्रमांकावर गेला आणि खाली आला. समीक्षकांमध्ये सरळ दोन तट. दौरा नाहीच. आणि बँड कधी संपला हे नेमकं सांगताच येत नाही, कारण कुणी जाहीरच केलं नाही.

माझ्या एका मित्राचं ठाम मत आहे की हा अल्बम म्हणजे लोकांच्या पैशावर केलेली चैन. पन्नास माणसं बोलवायची, बत्तीस जणांचं वाजवणं फेकून द्यायचं, आणि वर साधेपणाचा आव आणायचा. हा आरोप मी उडवून लावत नाही. जे वादक मनापासून वाजवून घरी गेले आणि अल्बमवर स्वतःला शोधत राहिले असतील, त्यांना काय वाटलं असेल? पण मी परत परत ऐकतो तेव्हा मला फेकलेलंही ऐकू येतं. म्हणजे कसं, की 'न्यू ग्रास'मधला तो गिटारचा एक थेंब तसा एकटा उभा राहू शकतो कारण त्याच्या आजूबाजूला कधीतरी गर्दी होती आणि ती हटवली गेली. सुरुवातीपासून रिकाम्या असलेल्या खोलीत तो ताण येत नाही. पुढे याच्यासारखे आवाज काढणारे कित्येक बँड झाले. 1994 च्या सुमारास समीक्षक सायमन रेनॉल्ड्सनं 'पोस्ट-रॉक' हा शब्द रूढ केला आणि टॉक टॉकला त्या घराण्याचे आजोबा करून टाकलं. त्यातल्या अनेकांनी शांतता उचलली, पण कात्री नाही उचलली. ते ऐकताना मला झोप येते, स्पष्टच सांगतो.

हॉलिसनं 1998 मध्ये स्वतःच्या नावाचा एक अल्बम केला, याहूनही हळू, जवळजवळ सगळा अकूस्टिक. मग तो थांबला. कुटुंबासाठी वेळ हवाय म्हणाला आणि खरंच थांबला, पुनरागमनाचे दौरे वगैरे काही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये, 64 व्या वर्षी तो गेला. वेब आणि हॅरिस यांनी मधे ओरँग नावानं एकत्र काम केलं. वेबनं 2002 मध्ये पोर्टिसहेडच्या बेथ गिबन्सबरोबर 'आउट ऑफ सीझन' केला, तो न ऐकला असेल तर जरूर ऐका.

ऐकायचं कसं, हे विचाराल म्हणून सांगून ठेवतो. 'लाफिंग स्टॉक'नं सुरुवात करू नका. आधी 'द कलर ऑफ स्प्रिंग', मग 'स्पिरिट ऑफ ईडन', मग हा. शफल बंद. लोकलमध्ये नको, पहिली दोन मिनिटं गाडीच्या आवाजातच जातील. रात्री, हेडफोन लावून, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा. फक्त 'असेन्शन डे'च्या वेळी घरातलं कुणी शेजारी झोपलेलं नाही ना, ते बघून घ्या.

पुढच्या भागात जपान हा बँड आणि त्यांचा 1981 चा 'टिन ड्रम'. तोही शेवटचा, पण तिथली भांडणं वेगळी आहेत. भेटूया.