आसरा देणाऱ्याचा बचाव



ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या आदिवासीला ‘लग्नगडी’ म्हणत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असले कर्ज रद्द ठरविले. मुक्त वेठबिगारावर वसुलीचा दावा झाल्यास तो लढविण्याचे काम दक्षता समितीकडे दिले. परंतु त्याला आसरा देणाऱ्यावर खोटी फिर्याद झाली, तर बचाव कोणी करावयाचा? त्याबाबत हा कायदा मूक आहे. अमेरिकेत १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला थारा देणे हाच गुन्हा होता. येथे तो गुन्हा नाही. पण जामीन, वकील आणि तारखांपायी बुडणारी मजुरी हीच शिक्षा ठरते. म्हणून सापगावापासून शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून बचाव निधी उभा राहिला पाहिजे. दार उघडणारा एकटा पडला, तर पुढची दारे उघडणार नाहीत.