लेखनास सवड
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



या स्मरणग्रंथासाठी मठाच्या आठवणी लिहून द्याव्यात, अशी विनंती करीत आम्ही काही मंडळी घरोघर गेलो. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : “लिहायचे मनात फार आहे, पण सवड कुठे आहे?” हे उत्तर खोटे नव्हे. सकाळी दुकान किंवा कचेरी, सायंकाळी मुलांचा अभ्यास, रविवारी कोणाचे तरी लग्नकार्य. आठवडा केव्हा सरला ते कळत नाही. परंतु जुने उत्सव डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून या सवडीचाच आज थोडा विचार करू.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत शिसपेन्सिलीने लिहिले. तसा एकांत आम्हांस द्या, मग आम्हीही लिहू, असे कोणी म्हणेल. (त्या एकांताची किंमत द्यावयास मात्र कोणी पुढे येणार नाही!) पण त्या लेखनाची पूर्वतयारी किती वर्षांची होती? १८७२ साली, वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात, सोळा वर्षांच्या टिळकांनी त्यांना गीतेवरील टीका वाचून दाखविली. तेव्हापासून तो विषय त्यांच्या मनात घोळत होता. वृत्तपत्र, खटले, सभा यांच्या धामधुमीतही तो सुटला नाही. १९०२ साली नागपुरास आणि १९०४ च्या ऑगस्टात आपल्या बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वर मठात, शंकराचार्यांसमोर, त्यांनी तो व्याख्यानरूपाने मांडला. म्हणजे विचार धावपळीत झाला, बोलणे आधी झाले. तुरुंगात उतरली ती अक्षरे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे हात गुंतलेले असत आणि ओठी गाणे येई. घरच्यांनी, विशेषतः पुत्र सोपानदेवांनी, ते टिपून ठेवले. १९५१ साली बाई गेल्या आणि १९५२ साली ती गाणी ग्रंथरूपाने निघाली. टिपणारे कोणी नसते, तर?

तेव्हा रिकाम्या दिवसाची वाट पाहू नये. आठवड्यास एकच आठवण निवडावी आणि कामे करता करता ती मनात फिरवावी. पालखी कोणत्या गल्लीतून जाई, महाप्रसादास तांदूळ किती लागत, मृदंगावर कोण बसे, पावसात समया कशा झाकीत, हेच आम्हांस हवे आहे. थोरवीची विशेषणे पुष्कळ लिहिली गेली आहेत. मग ती आठवण घरात कोणाला तरी सांगावी. नातवाला सांगितलेली उत्तम, कारण तो मध्ये प्रश्न विचारतो व विसरलेले परत येते. त्यानंतर लिहावयास अर्धा तास पुरतो. तो गुरुवारच्या आरतीनंतरचा असावा, म्हणजे चुकत नाही. उत्साह असो वा नसो, एक पान लिहावे. उत्साह पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीनंतर येतो. आणि सांगण्यासारखे थोडे शिल्लक असतानाच लेखणी ठेवावी. पुढच्या गुरुवारी आरंभ सोपा जातो.

ज्यांचा हात कापतो, डोळे साथ देत नाहीत, त्यांनी नुसते येऊन बोलावे. दर गुरुवारी दोन विद्यार्थी सभामंडपात वही घेऊन बसतील. ज्यांचे शिक्षण कन्नडमध्ये झाले, त्यांनी मराठीच्या शुद्धलेखनाची भीती बाळगू नये, कन्नडमध्येच लिहावे. ग्रंथ दोन्ही भाषांचा आहे.