जंजिऱ्याच्या शेजारचा कासा

पुण्यात वाढलेल्या माणसाने जंजिरा पाहिलेला नाही, असे सहसा होत नाही. शाळेची सहल, कॉलेजचा ग्रुप, मग घरची मंडळी. माझा तर तीनदा झाला. तिन्ही वेळा राजपुरीच्या धक्क्यावर तीच रांग, शिडाच्या होडीत तीच दाटी आणि कलालबांगडी तोफेपाशी तोच फोटो. तिसऱ्या खेपेस तटावरून दूर समुद्रात एक काळा ठिपका दाखवत मुलीने विचारले, "बाबा, ते काय?" मी म्हणालो, "असेल एखादा खडक."

शेजारी उभ्या असलेल्या गाईडला राहवले नाही. "खडक नाय साहेब, महाराजांचा किल्ला हाय तो." सिद्दीचा किल्ला मी तीनदा पाहिला होता आणि त्याच्या समोर शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग मला ठाऊकही नव्हता! मुलीसमोर मान खाली गेली.

पुढच्या हिवाळ्यात मुद्दाम निघालो, बरोबर वडील. दादांचे सारे आयुष्य पुण्यात बांधकामाच्या ठेक्यात गेले. ताम्हिणी उतरून माणगावमार्गे मुरूड गाठले. पद्मदुर्गाला, म्हणजे तिथल्या कोळ्यांच्या कासा किल्ल्याला, जंजिऱ्यासारखी होड्यांची ये-जा नाही. परवानगीचे आधी विचारून घ्यावे लागते, आणि भरती-ओहोटी बघून नाखवा सांगेल तेव्हाच निघायचे. एकदऱ्याहून होडी केली. गुडघाभर पाण्यात उतरावे लागले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या दादांना नाखव्याने सरळ पाठुंगळीला घेतले. दादा संकोचले, पण उतरले.

बेटावर आमच्याशिवाय कोणी नव्हते. गंजलेल्या तोफा इतस्ततः पडलेल्या, झुडपे माजलेली, पाण्याची टाकी आणि कमळाच्या पाकळ्यांसारखा तो देखणा बुरूज. मी फोटो काढत होतो. दादा मात्र तटाला नाक लावून उभे. "इकडे ये," म्हणाले, "दगड गेलाय, चुना राहिलाय."

खरेच तसे होते. खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, वाळते, मिठाचे कण फुगतात आणि दगड कणाकणाने सुटतो. चिरे आत आत झिजत गेलेले. सांध्यांतला चुना मात्र मधाच्या पोळ्यासारखा बाहेर उभा! दादा त्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "घाणीत किती मळला असेल हा! आम्ही सिमेंटवाले. आमचं काम पन्नास वर्षं टिकलं तरी पुष्कळ."

हे काम झाले ते कुठे, तर शत्रूच्या डोळ्यांसमोर. सिद्दीची गलबते भोवती फिरत असताना महाराजांची माणसे इथे दगड रचत होती. 1675च्या जानेवारीतले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाच्या कामी असलेल्या आरमाराला रसद आणि पैसा वेळेवर पोचवला नाही, म्हणून प्रभावळीच्या सुभेदाराला त्यात अशी झोंबणारी हजेरी मिळाली आहे की आजही वाचताना अंग चोरावेसे वाटते. दूर कचेरीत बसलेल्याने हयगय केली की या खडकावरची माणसे उपाशी, हे महाराज जाणून होते.

इथल्याच लाय पाटलाची कथा सांगतात. रात्री त्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, मोरोपंतांच्या माणसांची वाट पाहिली. ती आली नाहीत, उजाडू लागले आणि शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखी दिली. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असे म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा 'पालखी' नावाचे गलबतच त्याला मिळाले. जंजिरा शेवटपर्यंत स्वराज्यात आला नाही. पुढे पद्मदुर्गही सिद्दीकडे गेला.

हे रेडिओवर सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. लोक गेले नाहीत तर हा तट कोणाला न कळता ढासळेल. गेले तर वेफर्सची पाकिटेही जातील आणि चुन्यावर नावेही कोरली जातील. तरी सांगितले. जाल तर तेवढे सांभाळा.

निघताना दादांनी खाली पडलेला चुन्याचा एक खडा उचलला. खिशात टाकणार असे वाटले. पण त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि तटाच्या एका खोबणीत नीट बसवून ठेवला. नाखवा ओहोटीच्या धास्तीने हाका मारत होता. समोर राजपुरीहून भरलेल्या होड्या जंजिऱ्याकडे एकामागून एक चालल्या होत्या.